रक्षाताईंचा वर्कलोड

पिपरी मेघेत भाजीचा ठेला आला की बाकीच्या बाया आधी भाव विचारत. रक्षाताई आधी तराजू रिकामा धरायला लावत. गॅसचं सिलिंडर आलं की हलवून पाहत. दूधवाल्यानं माप भरताना जास्त गप्पा मारल्या की त्यांची नजर त्याच्या अंगठ्यावर जाई. एस.टी.त कंडक्टर सगळ्यांनाच "पुढं सरका" म्हणे, पण तो आपल्याकडंच पाहून का म्हणाला, हे त्यांच्या मनात घर येईस्तोवर घोळत राही.

हा स्वभाव माहेरचा. पुलगावला त्यांच्या वडिलांचं, मोतीलाल शेठचं, किराणा दुकान होतं. तूरडाळीचं पोतं वरून कितीही सोनेरी दिसलं तरी हात कोपरापर्यंत घालून तळातली मूठ काढायची आणि मग बोलायचं, हे त्या बाराखडीच्या आधी शिकल्या होत्या. बारावी झाल्या, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं, तेवढ्यात लग्न झालं. परीक्षा आली तेव्हा सपना पोटात होती. परीक्षा राहिली ती राहिलीच.

सपना एकुलती एक. तिच्या बाबतीत तर रक्षाताईंचा संशय डोळ्याला डोळा लागू देत नसे. शेजारीण मार्क विचारते ती कौतुकानं की दृष्ट लावायला? ट्यूशनचे सर पहिल्या बाकावर बसवतात ते हुशार म्हणून की आणखी कशासाठी? मुलीचं पुढं काय होणार, ही काळजी त्यांना रोज नव्या कपड्यात भेटायची. त्यावर एकच उतारा त्यांनी काढून ठेवला होता. सपनानं फार्मसी करायची. औषधांच्या दुकानात भिंतीवर तिच्या नावाचं लायसन लागेल, ती आतल्या खुर्चीत बसेल, आणि नवरा कसाही निघाला तरी ती खुर्ची तिची राहील. हे त्यांनी मुलगी सातवीत असतानाच ठरवून टाकलं होतं.

नवरा, म्हणजे प्रभाकरराव, तालुक्याच्या गावी एका आर्ट्स कॉलेजात संगीत शिकवत. घरात 'वर्कलोड' हा शब्द मिठासारखा रोजचा होता. लग्नानंतर काही वर्षांनी नोकरी पक्की झाली, तेव्हा प्रभाकरराव घरी येऊन "यंदा वर्कलोडचं काही खरं नाई" असं म्हणत पाय पसरत. रक्षाताईंना वाटे, फार काम पडलं असेल. त्या लिंबाचं सरबत करत, पायाखाली उशी देत. पुढं हळूहळू त्यांना कळलं, की कॉलेजात वर्कलोड म्हणजे अंगावर पडलेलं काम नव्हे. वेळापत्रकात आपल्या नावाचे किती चौकोन भरले, तो वर्कलोड. चौकोन भरायला वर्ग लागतो, वर्गाला मुलं लागतात. मुलं ठरल्या आकड्याहून कमी झाली की वर्ग मोडतो, चौकोन रिकामा होतो, आणि कालपर्यंतचा सर 'अतिरिक्त' ठरून दूर कुठल्या तरी कॉलेजात जातो, नाहीतर अर्ध्या नोकरीवर येतो. सरबत तेव्हापासून बंद झालं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या गळी कधी उतरली नाही. वर्कलोड कमी झाला की प्रभाकररावांचं काम दुप्पट होई. जून लागला, बारावीचा निकाल आला, की सगळ्या कॉलेजांचे सर लोक पिशव्या घेऊन खेड्यांत निघत. अंगणात बसून पाण्यापावसाचं बोलत, चहा पीत, आणि उठता उठता मुलीची टी.सी. मागत. शाळा सोडल्याचा तो दाखला एकच असतो. तो ज्याच्या पिशवीत गेला, मुलगी त्याच्या वर्गात. नंतर तिला वाटलं की दुसरीकडं शिकावं, तरी टी.सी. सोडवता सोडवता घरच्यांच्या नाकी नऊ येत. संगीताला तर आपणहून कुणी येत नसे. प्रभाकरराव स्कूटरवर उन्हातान्हात भजनी मंडळं धुंडाळत हिंडत, कुणाची मुलगी गाते, कुणाची सून बारावी आहे, विचारत फिरत. चेहरा विटेसारखा लाल करून घरी येत.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात सपना बारावी सायन्स झाली, आणि त्याच वर्षी प्रभाकररावांच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मुलं मिळेनात.

एका दुपारी रूपराव सर आले. समाजशास्त्राचे. रक्षाताई आत चहा करत होत्या आणि गॅस बारीक ठेवला होता, कारण मोठ्या आचेचा आवाज होतो आणि बाहेरचं ऐकू येत नाही.

"प्राचार्य काय म्हणून राह्यले ऐकलं का?" रूपराव सर म्हणाले. "म्हणते, गावोगाव हिंडण्याआधी आपल्या घरचं पाहा. आपलीच पोरं आपल्या कॉलेजात नाई, तं लोकायनं काऊन टाकावं? तुमच्याकडं बोट होतं सर, सांगून ठेवतो."

प्रभाकरराव म्हणाले, "हं."

रक्षाताईंच्या हातात गाळणी तशीच राहिली. 'हं' म्हणजे हो? की 'हं' म्हणजे पाहू? की नुसताच बिस्किटाचा घास? त्या रात्रीपर्यंत एकाच 'हं'ला उलटंपालटं करत राहिल्या.

मग एकेक दिसू लागलं. सतरा वर्षांत ज्यानं मुलीला 'सा' लाव म्हटलं नाही, तो माणूस सकाळी दाढी करता करता म्हणाला, "सपना, जरा गुणगुण पाहू. तुझा आवाज बरा लागते."

"बाबा, मले केमिस्ट्री विचारा," सपना म्हणाली. "हे नका विचारू."

ती हसली. रक्षाताई हसल्या नाहीत.

दोन दिवसांनी प्रभाकररावांनी जेवता जेवता विचारलं, "सपनाची टी.सी. कुठी ठेवली तू?"

"काऊन?"

"सहज."

"टी.सी. काय सहज विचारायची चीज आहे?"

"अगं, झेरॉक्स काढून ठेवतो म्हटलं. फार्मसीले लागन ना."

"मी काढतो," रक्षाताई म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या ताटात न मागता पोळी वाढली.

टी.सी. कपाटात होती. त्याच दुपारी त्यांनी ती तिथून काढली. तांदळाच्या पिप्यात ठेवली, पण पिपा तर हेच उचलून देतात. साड्यांच्या घडीत ठेवली, पण साड्यांच्या घडीत तर चोरसुद्धा आधी पाहतो. देवाच्या फोटोमागं ठेवली आणि तिथून तर लगेच काढली, कारण हल्ली हे देवापुढं जरा जास्तच वेळ उभे राहत होते. शेवटी त्यांची नजर दिवाणाखाली गेली. तिथं जुनी हार्मोनियम होती, जिला सगळे पेटीच म्हणत. कॉलेजात चांगली पेटी असल्यामुळं या जुन्या पेटीला कुणी हात लावत नव्हतं, धुळीनं तिचा रंग गेला होता. संगीताच्या सराच्या घरात, पेटीत कोण काय शोधणार? त्यांनी वरची फळी सरकवली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली टी.सी. आत सुरांच्या पट्ट्यांवर आडवी सारली आणि फळी बसवली.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आता टी.सी. नसलेल्या कपाटाच्या कडीला त्यांनी राखीचा लाल धागा असा गुंडाळला, की कुणी कपाट उघडलं तर तो गळून पडावा.

तिसऱ्या दिवशी धागा फरशीवर पडलेला होता.

"सपना, कपाट उघडलंतं का तू?"

"नाई, आई."

बस. रक्षाताईंनी धागा उचलून पदराच्या गाठीत बांधला. त्या दिवसापासून त्यांना नवऱ्याच्या चपलांच्या आवाजातसुद्धा पिशवीची सळसळ ऐकू येऊ लागली. हे आपल्या वर्कलोडसाठी मुलीला घेऊन जातील, आणि मी पोळ्या लाटत राहीन. एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

जुलैत फार्मसीची पहिली यादी लागली. सपनाचं नाव होतं. मूळ कागद घेऊन परवा सकाळी हजर व्हायचं, असं ती नाचत नाचत सांगत आली. रक्षाताईंनी देवापुढं साखर ठेवली, दार लावून घेतलं आणि दिवाणाखाली वाकल्या.

पेटी नव्हती. धुळीत पेटीएवढा एक स्वच्छ चौकोन होता.

प्रभाकरराव आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"पेटी कुठी गेली?"

"दिली."

"दिली? कोनाले?"

"नाचणगावले एक मुलगी आहे. लय गोड गळा आहे तिचा. घरी पेटी नाई. म्हटलं सरावाले राहू द्या, म्हणजे तिची माय तरी पाठवन." त्यांनी घाम पुसला. "तिच्याशिवाय वर्ग भरत नाई, रक्षा."

"मले विचारलं नाई?"

"तू त्या पेटीची चौकशी कधी केलीतं?"

पेटीत काय आहे हे सांगावं, तर हेच जाऊन आणतील, आणि मग ती टी.सी. यांच्या पिशवीत. न सांगावं, तर परवा सपना रिकाम्या हातानं फार्मसीच्या रांगेत. आणि वर आणखी एक नवं उभं राहिलं होतं. गोड गळ्याची ही कोण? आज यांनी इस्त्रीचा शर्ट काऊन घातला?

सकाळी त्या म्हणाल्या, "आईकडं जाऊन येतो पुलगावले." आणि एस.टी. पकडली.

पुलगावच्या बाजारात विचारलं तेव्हा एका बाईनं सांगितलं, "नाचणगावची गानारी पोरगी? म्हंजे देवकाबाई भेंडीवालीची जया." घर गावाच्या कडेला, मागं भाजीचं वावर. अंगणात ओल्या पोत्यावर भेंडीचा ढीग होता, आणि पन्नाशीची एक बाई जून भेंडी वेगळी काढत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कोन?"

"मी प्रभाकर सरांची घरची."

देवकाबाईनं आता मान वर केली. रक्षाताईंना पायापासून डोक्यापर्यंत तोलून पाहिलं. "सर झाले, आता सरीणबाई आल्या. उद्या कोन येते, प्रिन्सिपल? बसा. पानी घ्या. पन टी.सी. भेटनार नाई."

"मी टी.सी. न्यायले नाई आली," रक्षाताई म्हणाल्या, आणि आपण हे खोटं बोललो की खरं, ते त्यांचं त्यांनाच कळेना. "पेटी बरोबर वाजते का, ते पाहाले आली."

"जया!" देवकाबाईनं हाक मारली. "बाहीर ये वं, पेटीवाल्या बाई आल्या."

जया बाहेर आली. भेंडी तोडून बोटं हिरवी झालेली, कपाळावर घामानं केस चिकटलेले. वयानं सपनाएवढी. रस्ताभर मनात रंगवलेली गोड गळ्याची कुणीतरी एकदम निघून गेली आणि तिच्या जागी एक दमलेली मुलगी उभी राहिली. रक्षाताईंना थोडं ओशाळं वाटलं, पण थोडंच.

पेटी आत कोपऱ्यात पाटावर होती. धुऊन पुसून तिच्यावर हळदकुंकू वाहिलं होतं.

"चांगली आहे जी," जया म्हणाली. "पन मधले दोन सूर बोलत नाई. दाबले का दबलेलेच राहते. सर म्हने, पुढच्या खेपेले पाहून देतो. तवरीक ते दोन मी तोंडानंच भरतो."

तिनं मांडी घातली, भाता ओढला आणि भजनाची एक ओळ धरली. पेटी दोन ठिकाणी मुकी होई आणि तिथं नेमका जयाचा आवाज येऊन बसे, जणू जिन्याच्या तुटक्या पायरीखाली कुणी हात धरावा. रक्षाताई ऐकत राहिल्या. त्या दोन मुक्या सुरांवर आपल्या मुलीची टी.सी. आडवी पडली आहे, हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं.

"आता मले एक सांगा," मांडीवर भेंडी घेऊन देवकाबाई उंबऱ्यावर टेकली. "माह्या पोरीनं गाइलं तं तुमच्या घरी काय होते? सर किती खेपा आले. दुसऱ्या कालेजचे दोघं येऊन गेले, एक एस.टी.चा पास देतो म्हने, एक सायकल देतो म्हने. इतकी कदर कोनाले आली एकाएकी? मी बाजारात बसनारी बाई आहो. गिऱ्हाईक जास्त गोड बोललं का मी पयले माहा तराजू धरतो."

रक्षाताईंना वाटलं, आपणच समोर बसून बोलतो आहोत. त्यांनी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून खरंच निघालं. "तुमची पोरगी आली नाई, तं यांचा वर्ग भरत नाई. वर्ग नाई भरला तं वर्कलोड जाते. वर्कलोड गेला का नोकरी अर्धी होते."

"लोड म्हंजे वझंच ना? मंग कमी झालं तं बरंच हाय."

"तसं नसते कॉलेजात. तिथं कमी झालं का माणूस जाते."

देवकाबाईनं विचार केला. "म्हंजे सराले काम नाई, म्हनून काम धुंडत उन्हात मरते?"

"हाव."

"अन् अठी पाहा. दिवस उगवाच्या आधी भेंडी तोडा, तोडली नाई तं उद्या जून होते. मंग बाजार, मंग पानी, मंग चूल. आमच्या घरी वर्कलोडच वर्कलोड हाय. हे नाई धरत का तुमच्या कालेजात?"

"नाई. तिथं फक्त वेळापत्रकातले चौकोन धरतात."

जया खुदकन हसली. आईनं तिच्याकडं डोळे वटारले आणि परत रक्षाताईंकडं वळली. "एवढं चांगलं असन, तं तुमच्या सोताच्या पोरीले काऊन नाई टाकत तिथं?"

रक्षाताईंची मान खाली गेली. महिनाभर ज्या प्रश्नाला त्या कड्या लावत होत्या, तो असा भेंडीच्या ढिगापाशी येऊन बसला होता. माझी मुलगी नको आणि तुमची हवी, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"आई, तू हेच तं सरालेबी विचारलंतं," जया म्हणाली.

"मंग?" रक्षाताईंनी झटकन वर पाहिलं. "सर काय म्हणाले?"

देवकाबाई म्हणाली, "म्हने, माह्या पोरीचं तिच्या मायनं ठरवलं हाय. तिनं ठरवलेलं मी मोडत नाई. मले पटलं नाई, खरं सांगतो. नवरा मानूस असं बोलते का कधी?"

रक्षाताईंनाही पटलं नाही. आणि पटावं असं फार वाटलं. पदराच्या गाठीतला लाल धागा त्यांनी बोटांनी चाचपला. असं बोलणारा माणूस कपाट कशाला उघडतो?

शेवटी त्या उठल्या. पेटीची वरची फळी सरकवली आणि आतून प्लॅस्टिकची गुंडाळी काढली.

"हे काय वं बाई?"

"माझ्या पोरीची टी.सी."

"पेटीत?"

"यांच्यापासून लपवली होती."

देवकाबाईला असं हसू फुटलं, की मांडीवरची भेंडी अंगणभर गडगडली. ती तशीच आत गेली आणि वाळल्या मिरच्यांचा डबा घेऊन आली. कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक कागद काढला. झणझणीत वास सुटला, जया शिंकली.

"ही जयाची. हिच्या बापापासून लपवली. मानूस लय भोळा. सरानं गोड बोलून चहा पाजला का देऊन टाकन हातात."

जयानं मधल्या पट्ट्या दाबून पाहिल्या. दोन्ही सूर बोलले.

"पाठवतो मी हिले," देवकाबाई एकदम म्हणाली. "पन एका बोलीवर. तुमी हिच्या बाजूले बसान."

"मी? वर्गात?"

"तुमीच. बारावी हाय ना तुमी? सर सांगे का बायको कालेजात होती म्हनून. तिथं पोट्टे कसे येते, सर शिकवते का नुसतेच चौकोन भरते, मले कोन सांगन? बसा तिच्या बाजूले, अन् सुटल्यावर हिले पुलगावच्या गाडीत बसवून मंगच घरी जा. सरावर माहा भरवसा नाई. तुमच्यावर हाय."

"माझ्यावर काऊन?"

"तुमी सोताच्या नवऱ्यावरबी ठेवत नाई म्हनून."

"अन् भेंडी कोण तोडन?"

"जयाच तोडन. तोडून मंग कालेजले येईन. तुमीबी सैपाक करूनच यान ना?"

त्या संध्याकाळी प्रभाकरराव घरी आले, तेव्हा टेबलावर प्लॅस्टिकमध्ये सपनाची टी.सी. होती आणि तिच्यावर लाल धागा.

"उद्या ही फार्मसीत जमा होईन," रक्षाताई म्हणाल्या.

प्रभाकररावांनी धाग्याकडं पाहिलं. खुर्ची ओढून बसले. "कुठी होती?"

"तुम्ही शोधली तिथं नव्हती."

ते धागा बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "शोधली होती मी. एक दिवस. प्राचार्यांनी खोलीत बोलावलं, म्हणाले, स्वतःची मुलगी देत नाही आणि पोस्ट वाचवायची म्हणता. डोकं फिरलं. घरी येऊन कपाट उघडलं. नाई सापडली अन् बरं वाटलं. सापडली असती तं मी काय केलं असतं, ते मले माहीत नाई, रक्षा. म्हणून परत शोधली नाई."

"अन् देवकाबाईले म्हटलं ते?"

"ते त्याच्यानंतर म्हटलं." मग ते चमकले. "तू गेलती तिथं?"

रक्षाताई समोरच्या खुर्चीवर बसल्या. आयुष्यभर संशय घेतला होता, पण तो खरा निघाल्यावर काय करायचं असतं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. भांडायची तयारी करून ठेवली होती, ती कुठं ठेवावी कळेना. त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि तळातून एक पिवळा पडलेला कागद आणून त्याच टेबलावर ठेवला.

"ही माझी टी.सी., कॉलेज सुटलं तेव्हा परत आणलेली. ही मी कधी लपवली नाई. तुम्हीच कधी मागितली नाई."

मग त्यांनी देवकाबाईची बोली सांगितली. प्रभाकरराव ऐकता ऐकता उभे राहिले, परत बसले.

"अगं पण, तुले गाता येते का?"

"वर्कलोडले गळा लागते का डोकं?"

"डोकं."

"ते आहे."

आत सपना इतकी हसली, की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी फार्मसीत टी.सी. जमा झाली. खिडकीतल्या बाबूनं ती फायलीला लावली, तरी रक्षाताई हलेनात. बाबू म्हणाला, "बाई, आता काय राहिलं?" त्या म्हणाल्या, "फाईल कपाटात ठेवा. मी पाहतो." त्यानं ठेवली. मग निघाल्या.

कॉलेजातला संगीताचा वर्ग ग्रंथालयामागच्या लहान खोलीत भरे. पहिल्या दिवशी सतरंजीवर जया आणि तिच्या बाजूला रक्षाताई बसल्या. प्रभाकररावांनी हजेरी घेतली. एक नाव आलं तिथं अडखळले, डोळे वर न करता म्हणाले, "रक्षा."

"हजर, सर."

मुलींमध्ये खसखस पिकली. रूपराव सर दारावरून जाता जाता थबकले, "वहिनी, सरांचा वर्कलोड भरला बरं तुमच्यामुळं!"

"हाव, सरांचा भरला," रक्षाताई म्हणाल्या, आणि खांद्यावरून मागं पाहिलं. खिडकीशी दोन पोरं कशाला उभी आहेत?

वर्षभर असंच चाललं. पहाटे उठून भाजी-पोळी, सपनाचा डबा, नवऱ्याचा डबा, स्वतःचा डबा, मग एस.टी. बसमध्ये त्या आणि प्रभाकरराव वेगळ्या बाकांवर बसत, कारण कॉलेजात गुरु-शिष्य आणि घरी नवरा-बायको यांच्यात काहीतरी अंतर हवं, असं प्रभाकरराव म्हणत. खरं कारण काय असेल, याचा रक्षाताई वाटेत विचार करत. वर्ग सुटला की जयाला पुलगावच्या गाडीत बसवायचं, कंडक्टर ओळखीचा आहे का पाहायचं, मग आपली गाडी. बाजाराच्या दिवशी देवकाबाईला सगळं सांगायचं. कुठला पोरगा दोनदा दिसला, सरांनी किती शिकवलं, कुठं उरकून टाकलं. "आवाज कसा हाय हिचा?" देवकाबाई विचारे. "माझ्यापेक्षा बरा," रक्षाताई म्हणत. त्यांचा स्वतःचा सूर जेमतेम लागे. पण प्रभाकररावांनी एकदा न शिकवताच वही बंद केली, तेव्हा जयाच्या आधी त्यांनीच हात वर केला. "सर, घंटा व्हायची आहे."

परीक्षा तोंडावर आली. एका संध्याकाळी रक्षाताई तानपुऱ्याच्या तारांची नावं पाठ करत बसल्या होत्या आणि स्वयंपाकघरात परातीचा आवाज आला. जाऊन पाहिलं, तर प्रभाकरराव बाह्या वर करून कणीक मळत होते.

"तू अभ्यास कर," ते म्हणाले. "पोळ्या मी पाहतो."

रक्षाताईंनी कणकेत बोट दाबून पाहिलं. पाणी जास्त झालं होतं. दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं परात कधी खाली उतरवली नव्हती. एवढं गोड काऊन?

"अहो."

"काय?"

"दुसऱ्या वर्षाच्या वर्गालेबी डोकं लागतेच, नाई?"

प्रभाकरराव कणीक मळत राहिले.